पावती क्रमांक एकशे बारा

पौषातल्या पौर्णिमेला मर्चंडे गुरुजींनी
विहारात बसून एक होडी मोडली, तोंडानंच.
फळ्या काढल्या, खिळे काढले, शीड, सुकाणू,
फटींत कोंबलेला कापूससुद्धा.
सगळं सतरंजीवर मांडलं आणि विचारलं,
आता यात होडी कुठाय, दाखवा.
खाडीकाठची माणसं. हसली.
दोघातिघांनी तरी दारातून खाली पाहिलंच,
आपापली होडी आहे ना जाग्यावर.

तसाच मी, म्हणाले गुरुजी. तसेच तुम्ही.
आत धरून ठेवायला कोणी नाही.

मग दानाची वेळ झाली. मी खजिनदार:
पावतीपुस्तक, कार्बन, बॉलपेन.
द्रुपदाआत्या रांगेत तिसरी.
पदराच्या गाठीतनं पाचशे एक,
नोटांना कालवांचा वास.

कोणाच्या नावानं, आत्या?
पोराचं नाव सांगेल असं वाटलं. सुजय.
जयगडच्या लाँचवर होता, परत आला नाही.
त्याच्या पुण्यानुमोदनाला हिनंच तांब्या धरला होता,
आणि वाटी भरली तरी ओतायची थांबली नव्हती.
पाणी सतरंजीखालनं माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं.

ती म्हणाली, "गुरुजी आताच म्हनले, आत कोन नाय.
मंग तू नाव कोनाचा लिवतंस?"

रांग थांबली.
गुरुजींनी बशीत चहा ओतला, प्यायले नाहीत.

"आनि ह्ये पैसे कालवांचे.
सुकतीला खडकावर बसून कोयतीन फोडलेली.
पंचशील रोज म्हनते मी, आनि रोज फोडते.
जीव घेनारी मी, तर देनारी पन मीच.
आनि मी नसेनच,
तर कालवाचा जीव घेतला कोनी?"

गुरुजी भला माणूस. शाळेत गणित शिकवायचे.
उत्तर सुटलं नाही की फळ्याकडं बघत राहायचे,
तसे ते भिंतीकडं बघत राहिले.
भिंत पांढरी. तिचा चुना
माझ्या आज्यानं आणि अख्ख्या वाडीनं
कालवांच्या शिंपा भाजून केलेला.

मला तेव्हा काही सुचलं नाही.
आता हिशेब लिहिताना एवढंच येतं मनात:
कालव धरतं ते बहुधा जुन्या शिंपेवरच.
आतला कधीच गेलेला असतो.
नवा विचारत नाही, तू कोण होतास,
जुन्यानं सांगून ठेवलेलं नसतं, ही जागा माझी.
तरी ती शिंप नसती
तर नव्याला धरायला नुसतंच पाणी.
याला पुण्य म्हणावं का, मला ठाऊक नाही.
आणि कोयती पडते तेव्हा
दुखतं ते कोणाला तरी दुखतंच.

शेवटी आत्याच म्हणाली, मागची रांग बघून,
"नावाची जागा ऱ्हावदे रिकामी. पोच लिव.
पैसे पोचले, येवढाच."

तेवढंच लिहिलं. खाली माझी सही,
तीही गुरुजींच्या हिशेबानं कोणाची, कोण जाणे.

मार्चअखेर मुंबईच्या मंडळाचे तपासनीस आले.
एकशे बारावर बोट ठेवलं. नाव?
मी म्हटलं, रक्कम बरोबर आहे.
नुसती रक्कम बरोबर असून चालत नाही, म्हणाले,
आणि लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं.
अजून आहे.

पाचशे एकात होऊन होऊन काय होणार.
एक पोतं सिमेंट, वर थोडी वाळू,
धक्क्याची सगळ्यात खालची पायरी,
जी भरतीला दिसतच नाही.
तिच्यावर नाव कोरलं असतं तरी
खाऱ्या पाण्यानं दोन वर्षांत चाटून नेलं असतं.

काल सुकतीला उतरलो होतो.
पायरीच्या कडेला नखाएवढी
नवी कालवं धरलीत.
आत्या टोपली घेऊन तिथूनच खाली गेली,
कोयती कमरेला,
पाऊल जरा तिरकं टाकून.